मैदान कुणाचे?

श्रोतेहो, तुमच्या गावच्या शाळेला पटांगण असेलच. बहुधा देवळाच्या बाजूला, नाहीतर गावठाणाच्या कडेला. मी ज्या शाळेत शिकलो, तिचे पटांगण बाजाराच्या दिवशी गाडीतळ होत असे. सकाळपासून आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून गाड्या येत, बैल सोडून बांधले जात, आणि संध्याकाळपर्यंत चाकोऱ्यांनी अन् खुरांनी सारी जमीन उखडून निघे. दुसऱ्या दिवशी आम्ही आट्यापाट्या मांडायला गेलो की कुणाचा तरी पाय मुरगळायचा. मास्तरांनी चावडीवर तक्रार नेली. तिथून उत्तर आले, "मास्तर, पटांगण शाळेचं खरं, पण जमीन गावाची आहे." त्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला एवढेच कळले की पुढच्या बाजाराला पुन्हा गाड्या आल्या.

आज तुम्हांला अशाच एका तंट्याची हकीकत सांगायची आहे. ती आहे मुंबईतली. तिथे बैलांच्या जागी साहेबांची घोडी होती आणि आट्यापाट्यांच्या जागी क्रिकेट, म्हणजे आपल्या जुन्या माणसांची चेंडूफळी. क्रिकेटचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण कुणी किती धावा काढल्या ते सांगतो. शाळेतल्या पोरांना तर ते आकडे पाढ्यांपेक्षा अधिक पाठ असतात. पण ज्या जमिनीवर त्या धावा निघाल्या ती कुणाच्या ताब्यात होती, तिच्यावर पाय ठेवायची परवानगी कुणाला होती आणि तिच्या कडेला सावलीत कोण बसत होते, हे कुणी फारसे विचारत नाही. आज आपण तेवढेच विचारू.

मुंबईला पूर्वी कोट होता. त्या भागाला अजूनही फोर्ट म्हणतात. कोटाच्या भिंतीबाहेर मोठे मोकळे रान राखलेले असे. शत्रू चालून आला तर त्याला आडोसा मिळू नये आणि तोफांचा मारा सरळ व्हावा, म्हणून तिथे घरे बांधायला बंदी होती. या रानाला इंग्रज 'एस्प्लनेड' म्हणत. पुढे तोफांचा काळ मागे पडला, शहर फुगले आणि बार्टल फ्रिअर हे गव्हर्नर असताना, १८६० नंतरच्या दशकात, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. भिंती गेल्या तरी मोकळ्या जागेतली बरीचशी वाचली. आज ज्यांना आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल मैदान म्हणतात, ते त्याच रानाचे तुकडे. म्हणजे पाहा, मुंबईच्या पोरांना खेळायला जागा मिळाली ती कुणाच्या दानतीने नव्हे, तोफांच्या कृपेने.

या मैदानावर गोरे शिपाई आणि साहेब क्रिकेट खेळत. कडेला उभी राहून पाहणारी पारशी पोरे चेंडू उचलून देता देता स्वतःच खेळू लागली. १८४८ साली पारश्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. मागोमाग हिंदू मुले आली, मुसलमान मुले आली. संध्याकाळी कचेऱ्या-शाळा सुटल्या की मैदानावर जिकडे तिकडे यष्ट्या रोवलेल्या. १८७५ साली साहेबांनी मैदानाच्या दक्षिण टोकाला आपला बॉम्बे जिमखाना थाटला. सभासद फक्त युरोपियन. जिमखान्याच्या पुढ्यातली हिरवळ राखीव होती, तिच्यावर देशी माणसाने खेळायचे नाही. इथपर्यंत कुणी फारशी कुरकुर केली नाही. साहेबाच्या अंगणात साहेब खेळेल, आपल्याला उरलेले मैदान पुष्कळ आहे, असे लोकांना वाटले.

पण साहेबांना पोलो खेळायचा होता. घोड्यावर बसून काठीने चेंडू मारण्याचा हा खेळ. घोडी दौडवायची तर हिरवळ उखडणार हे साहेबांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी आपली राखीव हिरवळ सोडून दिली आणि देशी पोरे जिथे खेळत त्या भागात पोलो सुरू केला. आता ज्याने पावसानंतरच्या ओल्या रानातून गुरे गेलेली पाहिली आहेत, त्याला पुढचे सांगायला नको. खुरांचे खड्डे वाळून टणक होतात. क्रिकेटचा चेंडू कठीण, चामड्याचा. अशा जमिनीवर टप्पा पडला की तो घोट्याला येईल की कपाळाला, हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

१८८१ साली शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. तेव्हा गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन, ज्यांचे नाव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला आहे. अर्जातले म्हणणे साधे होते. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो. मूठभरांच्या हौसेसाठी शेकडोंचे मैदान खराब करू नये. मैदान बंद करा असे नव्हे, साहेबांना हाकला असेही नव्हे. घोडी दुसरीकडे न्या, एवढेच. आणि गंमत अशी की सरकारला ते आधी पटले. पोलो हलवावा असा हुकूम निघाला. मग जिमखान्याने आपले वजन खर्च केले. जिमखान्याचे सभासद कोण? सरकारचे सेक्रेटरी, लष्करातले अधिकारी, मोठ्या पेढ्यांचे गोरे व्यापारी. गव्हर्नरसाहेब संध्याकाळी ज्यांच्या पंगतीला बसत तीच माणसे. हुकूम फिरला. घोडी परत आली.

हा सगळा तंटा शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थांनी १८९७ साली इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवला. पारश्यांच्या क्रिकेटचा इतिहास म्हणून ते पुस्तक छापले, पण त्याच्या नावातच 'पोलो विरुद्ध क्रिकेट' हे शब्द आहेत. मला या शापूरजींचे फार कौतुक वाटते. सामने जिंकल्याच्या नोंदी पुष्कळांनी ठेवल्या. अर्ज फेटाळल्याच्या नोंदी ठेवणारा माणूस विरळा. तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला त्यांची चिकाटी समजेल. एका अर्जाचे उत्तर आले नाही की दुसरा, दुसऱ्याचे आले की त्यावर तिसरा. लोकसभा, विधानसभा नव्हत्या, काँग्रेसची स्थापनाही १८८५ सालची. त्याआधी चार वर्षे मुंबईची ही मंडळी सह्या गोळा करून सरकारला विचारत होती की सार्वजनिक जागा म्हणजे नेमकी कुणाची?

या प्रश्नाचे सरळ उत्तर सरकारने शेवटपर्यंत दिले नाही. त्याने वाटणीचा मार्ग काढला. १८८५ साली पारशी जिमखाना स्थापन झाला आणि त्याला पुढे समुद्राकाठी, ज्याला तेव्हा केनेडी सी-फेस म्हणत, तिथे जागा मिळाली. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. ते स्वतः इंग्लंडचे कप्तान राहिलेले, क्रिकेटचे मोठे शोकीन. त्यांच्या अमदानीत त्याच पट्टीवर मुसलमानांना एक तुकडा आणि हिंदूंना एक तुकडा देण्यात आला. हिंदू जिमखाना उघडला १८९४ साली. परमानंददास जीवनदास यांचे नाव त्याला आहे. म्हणजे जे मोकळे रान सगळ्यांचे होते त्यावर साहेबांची घोडी राहिली, आणि समुद्राच्या वाळूला लागून ओळीने तीन धर्मांची तीन आवारे झाली. संघ आधीपासूनच जातवार, धर्मवार होते हे खरे आहे. तो दोष साहेबाच्या माथी मारून चालणार नाही. पण तोपर्यंत ते संघ एका मैदानावर शेजारी शेजारी खेळत. आता त्यांच्यामध्ये कुंपण आले, आणि कुंपणाला सरकारी शिक्का.

या वाटणीतूनच पुढच्या स्पर्धा निघाल्या. १८९० च्या जानेवारीत पारश्यांनी इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला हरवले, तेव्हा सारी मुंबई लोटली होती. मग युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने दरवर्षी होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'इतर' नावाचा पाचवा संघ आला. भावाभावांची शेते वाटली गेली की बांधावरून जे होते, तेच इथे खेळाच्या नावाने होऊ लागले.

आता मला ज्या माणसाविषयी सांगायचे आहे, त्याला तर या वाटणीतही जागा नव्हती. त्यांचे नाव बाळू पालवणकर. शिक्षकबंधूंनी हे नाव फळ्यावर लिहावे, कारण क्रमिक पुस्तकांत ते सहसा सापडत नाही.

बाळूंचा जन्म १८७६ चा, जातीने ते चर्मकार. वडील लष्करी नोकरीत, म्हणून वस्ती पुण्यास. साहेबांच्या टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंनी भावाभावांनी खेळ शिकला. बाळूंना पहिली नोकरी लागली ती पुण्याच्या एका पारशी क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रूळ फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात १ रुपया वाढवून मिळाला. तिथे जाळ्या बांधणे, रेघा मारणे, रूळ ओढणे, आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणे. ग्रेग नावाचे एक कॅप्टन होते, फलंदाज नावाजलेले. ते इतरांच्या आधी येत आणि एकट्या बाळूंकडून चेंडू टाकून घेत. बाळू डावखुरे, मंद गतीने टाकणारे. त्यांच्या बोटांत असे काही होते की चेंडू पडल्यावर कुठे वळेल हे ग्रेगसाहेबांना रोज नव्याने शिकावे लागे. बाद केले की ते बाळूंना आठ आणे देत, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. इतके तास, इतके महिने चेंडू टाकूनही बाळूंच्या हातात बॅट कुणी दिली नाही. फलंदाजी हे मालकांचे काम, चेंडू टाकणे हे गड्याचे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. हरवायला बाळू हवे होते. पण बाळूंना घ्यायचे तर विटाळाचे काय? क्लबात वाद माजला. अखेर जिंकण्याच्या इच्छेने विटाळावर अर्धी मात केली. अर्धीच. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण झेलत, तोच चेंडू परत त्यांच्या हाती देत. आणि चेंडू चामड्याचा, बरं का! चामडे कमावणाऱ्याच्या जातीत जन्मलेला माणूस ज्या चेंडूला हात लावी, त्याच चेंडूला दिवसभर सगळे हात लावत. त्याने कुणाचे काही बिघडले नाही. पण चहाची वेळ झाली की इतर दहाजण पॅव्हेलियनमध्ये जात आणि चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळू बाहेर उभे. त्यांना चहा मातीच्या मडक्यात, प्याल्यावर टाकून द्यायचा. हाततोंड धुवायचे असेल तर कोपऱ्यात जायचे, तिथे त्यांच्यासारखाच अस्पृश्य मानलेला गडी वरून पाणी ओती. जेवणाचे ताट वेगळे, मेज वेगळे.

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. मैदान उघडे होते. वर आभाळ, खाली गवत. तिथे माणसाला आत घेतले. मैदानाच्या कडेला एक छप्पर होते, चार भिंती, एक दार. तिथे त्याला थांबवले. तेव्हा खेळाच्या जागेचा विचार करताना नुसते मैदान पाहून भागत नाही. कडेचे छप्पर कुणाचे आहे, तेही पाहावे लागते.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले. त्यांना हिंदू जिमखान्यात घ्यावे की नाही यावर तिथेही चर्चा झाली, पण घेतले गेले, आणि पुण्यापेक्षा तिथे वारे मोकळे होते. खाण्यापिण्याची बंधने सैल झाली होती. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा काढल्या. साहेबांना १९१ आणि १०२ एवढ्याच जमल्या. १०९ धावांनी विजय. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, दोघेही त्या संघात होते. ज्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते, त्याच्याच दारात हा पराभव झाला. आणि तो करण्यात त्या माणसाचा मोठा हात होता, ज्याला स्वतःच्याच लोकांनी दारात थांबवले होते.

१९११ साली हिंदी संघ प्रथमच इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कप्तान. संघ पुष्कळदा हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळवले. एवढे करूनही हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. वर्षे जात राहिली, कप्तान बदलत राहिले, प्रत्येक वेळी कुणी वरच्या जातीचा. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले, आणि त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांचा दावा डावलून कप्तान दुसराच नेमला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी सांगितले, आम्ही खेळत नाही. जाहीरपणे सांगितले, कारणासह. त्यावर बरेच वादंग माजले, मग तडजोड झाली आणि अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकप्तान करण्यात आले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले आणि युरोपियनांना हरवून त्यांनी चौरंगी जिंकली. विठ्ठलांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त मराठीत लिहिले. बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या वतीने ते प्रत्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले. १९५५ साली ते वारले.

आता छपराकडून खुर्च्यांकडे येऊ. १९३३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानात पहिला कसोटी सामना झाला, तोही बॉम्बे जिमखान्यावरच. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या तेव्हा लोक मैदानात धावत सुटले. पण ज्यांच्या देशात ही कसोटी, त्यांना त्या क्लबात सभासद म्हणून जागा नाही, ही गोष्ट डोळ्यांत खुपणारी होती. हिंदी क्रिकेटला स्वतःचे घर हवे असे अँथनी डिमेलो आदी मंडळींना वाटले. १९३३ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडिया निघाला. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्याकडून समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीपैकी सुमारे ९० हजार चौरस वार जागा चौरस वाराला साडेतेरा रुपये दराने मिळाली. स्टेडियमला नाव गव्हर्नरांचे दिले. १९३६ च्या मे महिन्यात कोनशिला बसली आणि १९३७ च्या डिसेंबरात ब्रेबर्न स्टेडियम उघडले. काम झटपट झाले. जमिनीच्या मालकाचे नाव दारावर कोरले की कागद लवकर हलतात, एवढेच मी म्हणतो.

आणि काय झाले? त्याच वर्षी पंचरंगी स्पर्धा तिथे भरायची होती. हिंदू जिमखान्याला वाटले की आपल्याला बसायच्या जागा कमी दिल्या. भांडण विकोपाला गेले आणि हिंदूंचा संघ त्या वर्षी खेळलाच नाही. खुर्च्यांपायी!

कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना इथे खासबाग आठवेल. शाहू छत्रपती १९०२ मध्ये विलायतेला गेले तेव्हा त्यांनी रोमचे पुरातन क्रीडागार पाहिले आणि परत येऊन कुस्तीसाठी तसे मैदान बांधवले. १९१२ मध्ये ते पुरे झाले. मध्ये आखाडा आणि सभोवार वर चढत गेलेला मातीचा उतार. कुठेही बसा, दोन्ही मल्ल दिसतात. राजासाठी वेगळी बैठक होतीच, राजाच तो; पण उतारावर टेकलेल्या माणसाला कुणाचे डोके आड येत नाही. ब्रेबर्नही देखणे होते, त्याची हिरवळ नामांकित होती. परंतु ते एका क्लबाचे घर होते. पाहुणे आपण.

त्याच ब्रेबर्नवर १९४३ च्या अखेरीस विजय हजारे यांनी पंचरंगीच्या अंतिम सामन्यात ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. हजारे मूळचे सांगलीचे, धर्माने ख्रिस्ती. म्हणून ते हिंदूंचे नव्हेत, मुसलमानांचे नव्हेत, पारशी-युरोपियनांचे नव्हेत, तर 'इतर'. सांगलीच्या शिक्षकांनी हे मुलांना समजावून सांगायचे झाले तर कसे सांगतील, मला कळत नाही. महात्मा गांधींनी १९४० च्या डिसेंबरातच, हिंदू जिमखान्याची मंडळी भेटीस आली तेव्हा, धर्मवार खेळाबद्दल आपली नापसंती स्पष्ट सांगितली होती. तरी गर्दी ओसरली नाही, तिकिटे खपत राहिली, आणि ती स्पर्धा बंद पडायला १९४६ साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर धर्मवार संघ गेले, खुर्च्या मात्र राहिल्या. मैदान क्लबाचे आणि सामने भरवणार मुंबईची क्रिकेट संघटना. दर कसोटीला तिकिटांच्या वाटपावरून या दोघांत धुसफूस. संघटनेकडे गावोगावचे, गल्लोगल्लीचे क्लब मागणी करणार. क्लब म्हणणार, आमच्या सभासदांचे आधी पाहू. ही वर्षानुवर्षांची कटकट अखेर शेषराव वानखेडे यांनी तोडली. ते विदर्भातले, राज्याच्या मंत्रिमंडळात आणि विधानसभेत वजन असलेले पुढारी आणि क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी ठरवले की आपले वेगळे मैदान बांधायचे. चर्चगेट स्टेशनाला लागून, ब्रेबर्नपासून मैलभरसुद्धा नाही इतक्या जवळ, जेमतेम १३ महिन्यांत स्टेडियम उभे राहिले. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइड यांनी द्विशतक पुरे केले तेव्हा त्यांचे अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला झोडपले आणि त्यावरून प्रेक्षकांनी दंगल केली. १९३३ साली अमरनाथांसाठी धावलेल्यांना कुणी असे झोडपले नव्हते.

एका शहरात, इतक्या थोड्या अंतरावर दोन प्रचंड स्टेडियमे, आणि कारण खेळाचे नव्हे, बैठकीचे. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर मला हे उधळेपणाचे वाटते. क्लबाच्या मर्जीवर सामने किती दिवस भरवायचे, हे वानखेड्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. पुढे १९९१ साली पाकिस्तानचा संघ येऊ नये म्हणून राजकीय कार्यकर्त्यांनी वानखेडेची खेळपट्टीच उखडली. आणि २०११ च्या २ एप्रिलला विश्वचषकाचा अंतिम सामना भारताने तिथेच जिंकला. त्या सामन्याआधी स्टेडियम नव्याने बांधले, तेव्हा बसायच्या जागा पूर्वीपेक्षा कमी झाल्या.

शाळेची सहल मुंबईला नेणार असाल तर मुलांना चर्चगेटला उतरवा. एका बाजूला वानखेडे, दुसऱ्या बाजूला ब्रेबर्न. समुद्राच्या कडेने उत्तरेला चालू लागलात की पारशी, इस्लाम, हिंदू अशा जिमखान्यांची आवारे ओळीने लागतील. पुढे वाळू होती तिथे आता रुंद रस्ता आहे, पण आवारे तीच. मग मागे वळून रेल्वे ओलांडा आणि आझाद मैदानावर या. घोडी केव्हाच गेली. दक्षिणेला बॉम्बे जिमखाना आहे आणि त्याच्या कुंपणाबाहेर एकाच वेळी इतके सामने चाललेले दिसतील की एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या यष्टीरक्षकाला पाठ लावून उभा असतो. लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची शालेय ढाल आहे, तिच्या १९८८ च्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनी याच मैदानावर ६६४ धावांची भागीदारी केली. पाहायला तिकीट नव्हते. कडेला झाडाखाली जागा मिळेल तिथे लोक बसले होते.